सहाशेचं भिंग आणि दोन हातांवरचा कुरव

डोंबिवलीहून कल्याणला जाताना मध्ये फक्त ठाकुर्ली लागतं. माझी सासुरवाडी कल्याणची, त्यामुळे हा प्रवास मी अठ्ठावीस वर्षं करतो आहे आणि त्याचं वर्णन लिहावं असं मला एकदाही वाटलेलं नाही. यंदा मात्र मला कल्याणला पोचायला ठाण्यामार्गे तीन महिने लागले, आणि पोचलो तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलात होतो. ज्यांनी अजून हा मार्ग धरलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. धरू नये, हा सल्ला आधीच देऊन ठेवतो.

डोंबिवली

प्रवासाचं मूळ आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आहे. गेल्या हिवाळ्यात तिथे एका पक्षीतज्ज्ञांचं व्याख्यान झालं. पडद्यावर समुद्रपक्षी उडत होते, खुर्च्यांवर आम्ही बसलो होतो आणि मागे चहा उकळत होता. गुलाबी पायांचे पांढरेशुभ्र कुरव थंडीत हजारो मैल उडून आपल्या खाडीत येतात, काहींच्या पायात शास्त्रज्ञांनी ओळखीची पट्टी घातलेली असते, त्यावरची अक्षरं कुणी वाचून कळवली तर पक्षी कुठून आला ते समजतं, असं ते सांगत होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी माझी बायको, शुभांगी, उभी राहिली. ती सभेत उभी राहणाऱ्यांतली नाही.

"मी पाहिलाय असा पक्षी," ती म्हणाली. "कल्याणच्या खाडीवर. रविवारी आईकडे जाताना मी तिथे थोडा वेळ थांबते. पायात पिवळी पट्टी होती आणि तिच्यावर काळी अक्षरं. पहिलं टी होतं. पुढचं वाचायच्या आत उडाला."

तज्ज्ञांनी विचारलं, "फोटो आहे का?" ती म्हणाली, "नाही." आणि तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक आवाज आला, "अगं, दुधाच्या पिशवीचं रबर अडकलं असेल!" हॉल हसला. तज्ज्ञही हसले. शुभांगी खाली बसली.

तो आवाज माझा होता. मला विनोद चांगला जमतो असा माझा बरीच वर्षं समज आहे.

घरी ती भांडली नाही. भांडली असती तर मी जिंकलो किंवा हरलो असतो आणि विषय मिटला असता. तिने फक्त पक्ष्यांबद्दल बोलणं सोडलं. आधी रविवारी परत आली की चप्पल काढता काढता सांगायची, आज दोनशे तरी होते, आज एक लंगडा होता. आता ती आईकडे रिक्षाने थेट जायची आणि थेट यायची. खाडीवर उतरणं बंद. मी दोन-तीनदा आडून विचारलं, "काय म्हणतात तुझे कुरव?" तर म्हणाली, "मला काय माहीत? मी काय तज्ज्ञ आहे?" आणि कुकरची शिटी मोजायला लागली. मला फार वाईट वाटलं. सरळ माफी मागणं हा सर्वांत जवळचा रस्ता होता, म्हणून मी तो सोडून कॅमेरा घ्यायचं ठरवलं. त्याच पक्ष्याचा पट्टीसकट फोटो काढून तिच्यापुढे ठेवायचा, असा बेत होता.

मी तीस वर्षं एका कारखान्याच्या खरेदी खात्यात काढली आहेत. पंपापासून पायपुसण्यापर्यंत सगळं घेतलं, त्यातलं वापरलं काहीच नाही. तेव्हा कॅमेरा म्हणजे किस झाड की पत्ती! मी तुलनात्मक तक्ता मांडला. सहा भिंगं, एकोणीस रकाने. वजन, लांबी, हात थरथरला तर सावरण्याची सोय, उडत्या पक्ष्यावर नजर धरण्याचा वेग. प्रत्येक रकान्याला गुण दिले. चौदावा रकाना होता 'किमान अंतर', म्हणजे वस्तू याहून जवळ आली तर भिंगाला ती स्पष्ट दिसत नाही. त्यापुढे मी शेरा मारला, "समुद्रपक्षी इतक्या जवळ येत नाहीत. सबब लागू नाही."

खरेदी खात्यात एक नियम असतो. कागद हलवण्याआधी जो माणूस वस्तू वापरणार त्याला विचारायचं, बाबा रे, तुला हे कशासाठी हवंय? या प्रकरणात ज्याला विचारायचं ते माणूस स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होतं. मी तक्ता झाकून ठेवत होतो.

नौपाडा, ठाणे

दसऱ्याच्या आधी एका सकाळी मी नौपाड्यात पोचलो. डोंबिवलीकराला ठाण्यात आलं की आपण उगाच थोडे गावाकडचे आहोत असं वाटतं. आमच्याकडे दुकानदार "काय पाहिजे?" विचारतो, इथे "या, बसा" म्हणतात. बसायला सांगितल्यावर माणूस जास्त खरेदी करतो, हे मला धंद्यामुळे माहीत असूनही मी बसलो.

दुकानदार सत्तरीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले गृहस्थ होते. मी तक्त्याची घडी उलगडली. त्यांनी चष्मा वर करून तो पूर्ण वाचला, अगदी शेऱ्यांसकट.

"अक्षर छान आहे तुमचं," ते म्हणाले. "पण मला एकच सांगा. पक्षी साधारण किती अंतरावर बसतो?"

"समुद्रपक्षी आहे हो," मी म्हणालो. "लांबच असणार."

"तुम्ही पाहिला आहे का?"

"पत्नीने पाहिला आहे."

"मग त्यांना एक फोन करून विचारा ना. मी थांबतो. जवळ येणारा पक्षी असेल तर हे छोटं भिंग पुरेल. हलकं आहे, आणि वहिनींनाही वापरता येईल."

फोन करायचा म्हणजे बेत फुटणार. शिवाय 'छोटं' आणि 'पुरेल' हे दोन शब्द एका वाक्यात ऐकून कुठल्या पुरुषाने आजवर खरेदी केली आहे? मी कपाटातल्या सर्वांत मोठ्या नळकांड्याकडे बोट दाखवलं. दीडशे ते सहाशे मिलिमीटरचं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं तेव्हा माझं मनगट काउंटरवर टेकलं.

"याला तिपाई लागेल," ते म्हणाले.

"सर्वांत भक्कम द्या," मी म्हणालो.

निघताना त्यांनी दोन सूचना दिल्या. समोरची काच कशानेही पुसायची नाही, ओरखडे पडतात. आणि एकदा वहिनींना विचारून पाहा. पहिली मी डायरीत लिहून घेतली. मग जवळच मिसळ खाल्ली. ठाण्यातली मिसळ तिखट असते हे ऐकून होतो, पण डोळ्यांना धारा लागल्यामुळे मी तिपाई रिक्षात विसरलो आणि तो भला रिक्षावाला पुढच्या वळणावरून परत आला. "काका, ही घ्या तुमची बंदूक," म्हणाला आणि गेला.

घरी सामान पाहून शुभांगीने विचारलं, "हे कशाला?" मी म्हणालो, "निवृत्तीनंतर छंद नको?" ती बरं म्हणाली आणि आत गेली. नवी वस्तू आली की आमच्याकडे ती दसऱ्यापर्यंत वापरत नाहीत. खंडेनवमीला मी पाटावर कॅमेरा मांडला, फूल वाहिलं, आणि भिंगाच्या काचेवर बरोबर मधोमध ओल्या कुंकवाचं बोट लावलं. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, आपोआप जाऊ द्यायचं असतं. दुकानदारांनीही काच पुसू नका म्हणून सांगितलं होतं. शास्त्र आणि विज्ञान यांचं इतकं एकमत मी आधी पाहिलं नव्हतं. झाकण लावलं आणि मी ते विसरून गेलो.

पुढचे दोन महिने मी गॅलरीतून कबुतरांवर सराव केला. सगळे फोटो किंचित लालसर आणि धुरकट यायचे. मी डोंबिवलीच्या हवेला दोष दिला. काही फोटो 'पहाटेचं धुकं' अशा नावाने सोसायटीच्या ग्रुपवरही टाकले. तळमजल्यावरच्या जोशीकाकूंनी 'अप्रतिम' असं लिहिलं. फोटो दुपारी बाराचे होते.

ठाण्याची खाडी

डिसेंबरात ठाण्याच्या पूर्वेला, खाडीकाठच्या कोळीवाड्यातून एक होडी ठरवली. होडीवाले जनूदादा, पन्नाशीचे, उन्हाने रापलेले, बोलायला रोखठोक. मी तिपाई, पिशवी आणि भिंग घेऊन काठावर उभा राहिलो तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सायेब, आवरी मोठी तोफ कनाला आनली? पाखरा मारताव का काय?"

मी त्यांना फोटोग्राफी समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि इंजिन सुरू केलं.

खाडी मात्र सुंदर होती, हे कबूल करायला हवं. उतरत्या पाण्यामागून वर आलेला राखाडी चिखल उन्हात चकाकत होता, दोन्ही काठांना तिवरं, आणि लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. आणि कुरव! होडीच्या मागे डझनांनी लागले होते. पाण्यावरून एका ओळीत यायचे, मध्येच एखादा पंख मिटून खाली पडायचा आणि चोचीत काहीतरी घेऊन वर यायचा. शुभांगी दर रविवारी काय पाहत होती ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग मी काम सुरू केलं. प्रथम तिपाई उभी केली. हलत्या होडीत तिपाई होडीबरोबर हलते, हे माझ्या एकोणीस रकान्यांत कुठेच नव्हतं. ती काढून भिंग हातात धरलं, तर सहाशे मिलिमीटरच्या त्या नळीतून एकदा आकाश दिसे, एकदा पाणी, एकदा जनूदादांचा कान. पक्षी शोधून काढेपर्यंत तो ऐरोलीला पोचलेला असे. शिवाय मी काळ्या डोक्याचा कुरव शोधत होतो, पुस्तकात तसंच नाव आहे. इथे सगळ्यांची डोकी पांढरी. काळं डोकं हा त्यांचा उन्हाळ्यातला थाट असतो, आपल्याकडे येताना ते काढून ठेवतात, हे मला नंतर कळलं.

दोन तासांनी जनूदादांनी होडी थांबवली आणि डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची, म्हणजे सुक्या बारीक कोलंबीची चटणी. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. पण समोरच्याने अर्धी भाकरी मोडून हातावर ठेवल्यावर नाही कसं म्हणणार? तिच्यावर चटणी आधीच होती. मी खाल्ली. आणखी मागितली. घरी मी भाकरी खाल्ली एवढंच सांगितलं आहे.

खाता खाता त्यांनी माझं भिंग मांडीवर घेतलं आणि पुढून आत पाहिलं.

"सायेब, काचेला कुकू कोनी लावला?"

मी पाहिलं. खंडेनवमीचं बोट दमट हवेत पसरून पार कडेपर्यंत गेलं होतं. मी पूजेचं सांगितलं. जनूदादा हसले नाहीत, म्हणून जास्त लाज वाटली.

"आमी पन होरी पूजताव," ते गंभीरपणे म्हणाले. "पन कुकू नालीला लावताव, होरीच्या तोंडाला. इंजनान नाय वतीत."

मग मी त्यांना सगळंच सांगून टाकलं. हॉल, पिवळी पट्टी, दुधाच्या पिशवीचं रबर. भर खाडीत, अनोळखी माणसाला. घरात तीन पावलांवर जे सांगता आलं नव्हतं ते तिथे सहज बाहेर पडलं.

"कुठं बघला बायकोनी?" त्यांनी विचारलं.

"कल्याणला."

"मंग माझ्या होरीन कनाला बसलाव? बायकोला घ्या न् कल्यानला जा." त्यांनी डबा पाण्यात विसळला. "आनि ती पाखरा तिथं लोकांच्या हाताशी येतान. आवरी तोफ नको."

मी मान डोलावली. पण हौसेने घेतलेली वस्तू अशी कुणाच्या सांगण्यावरून घरी ठेवता येते का?

कल्याण

पुढच्या रविवारी सकाळी मी शुभांगीला म्हणालो, "आज मीही येतो आईंकडे. जाताना खाडीवर थांबू या का?"

ती वेणी घालत होती. आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "कशाला?"

"तुझा टी बघायला."

तिने वेणी पुरी केली. मग म्हणाली, "ते रबर होतं ना?" मी म्हणालो, "रबर माझ्या डोक्यात होतं. चुकलो मी." एवढंच वाक्य होतं. त्यासाठी मी ठाण्याला जाऊन आलो होतो.

दुर्गाडी किल्ल्याच्या खाली, घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही आठाच्या सुमारास पोचलो. काच मी नौपाड्यात जाऊन नीट साफ करून आणली होती. दुकानदारांनी कापूस लाल झालेला पाहिला आणि काहीही विचारलं नाही. घाटावर 'पक्ष्यांना खाद्य घालू नये' अशी ठळक पाटी होती आणि तिच्या बरोबर खाली उभे राहून एक गृहस्थ पिशवीतून शेव उधळत होते. शुभांगी त्यांना म्हणाली, "काका, तळलेलं नका घालू हो, आजारी पडतात ते." काका म्हणाले, "अहो, ताजी आहे." वर शेकडो कुरवांचा कलकलाट चालला होता.

ती मात्र त्या गर्दीकडे गेलीच नाही. चार पायऱ्या उतरून, एका बुटक्या कठड्याशी जाऊन नुसती उभी राहिली. हात पदरात घेतलेले, मान जरा कललेली. मला कुजबुजत म्हणाली, "काही करू नका. उभे राहा फक्त." मी तिच्या शेजारी तोफ रोखून उभा राहिलो. नुसतं उभं राहणं हे मला तसं नवीनच होतं.

दहा मिनिटं गेली असतील. एक कुरव खाली आला, एक चक्कर मारली आणि कठड्यावर बसला. तिच्यापासून दोन हातांवर. डोळ्यामागे काळा ठिपका, लाल चोच, आणि पायात पिवळी पट्टी.

मी डोळा लावला. आत पिवळसर-पांढरा गोळा. फिरवलं, दाबलं, पुन्हा फिरवलं. गोळा तसाच. आणि मला चौदावा रकाना आठवला. माझ्या भिंगाला नऊ फुटांच्या आतलं काही दिसत नाही. समोर तीन महिन्यांचा ध्यास बसला होता, सहा फुटांवर, आणि माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, सबब लागू नाही.

तीन फूट मागे सरकलो की झालं, असा हिशेब करून मी एक पाऊल मागे टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्या ठिकाणी पायरी नव्हती, शेवाळ होतं. मी घाटाच्या कडेच्या चिखलात उभ्याचा बसलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. दोन्ही हात मात्र वर होते. वसुदेवाने टोपली धरावी तसं मी ते भिंग डोक्यावर धरलं होतं.

शुभांगीने वळून पाहिलं नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच मी पडलो आणि ती धावली नाही. अगदी बरोबर केलं तिने. ती हलली असती तर पक्षी उडाला असता. फोन पर्समध्ये होता, पर्स खांद्यावर होती, तिने तिकडेही हात नेला नाही. नुसती पाहत राहिली, आणि मग एकेक अक्षर हळूच उच्चारत गेली.

"टी... नऊ... एच."

पुन्हा एकदा, "टी, नऊ, एच." मग कुरवाने पाय झटकला, पंख उघडले आणि तो खाडीवर गेला.

मी जिथे बसलो होतो तिथून मला पट्टी दिसली, अक्षरं दिसली नाहीत. फोटो नव्हता. तिचाही नाही आणि माझाही नाही. पुन्हा सगळं तिच्या शब्दावरच आलं. तिने पर्समधून पेन काढून तळहातावर लिहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. हसली नाही. पाहत राहिली. मी काय म्हणतो ते ऐकायला थांबली होती, हे मला चिखलातूनही समजलं.

"टी, नऊ, एच," मी म्हणालो. "नीट लिहिलंस ना? घाम येऊन पुसेल."

मग ती हसली. इतकी हसली की शेववाले काका पिशवी ठेवून मला बाहेर काढायला आले. सासूबाईंनी दारातच माझ्यावर तांब्या ओतला आणि जावयाला अंगणात उभं करून चहा दिला. परतताना रिक्षात ठाकुर्ली मागे पडलं तरी शुभांगी बोलत होती. लंगड्या कुरवाबद्दल, भरतीला ते कुठे बसतात त्याबद्दल, गेलं वर्षभर साठवलेलं सगळं. मी भिंग मांडीवर घेऊन ऐकत होतो.

घरी आल्यावर त्या तज्ज्ञांनी सांगितलेला फॉर्म मी संगणकावर उघडला. निरीक्षकाचं नाव या जागी तिचं नाव घातलं. पट्टीचा रंग, अक्षरं, जागा, वेळ. पुढे होतं, अक्षरं कशाने वाचली? दुर्बीण, कॅमेरा, नुसत्या डोळ्यांनी. मी शेवटच्यावर खूण केली. फोटो जोडला आहे का? नाही. तळाशी शेऱ्यासाठी मोकळी चौकट होती. तिच्यात मी लिहिलं, "याच निरीक्षकांनी हाच पक्षी गेल्या हिवाळ्यात याच ठिकाणी पाहिला होता. तेव्हा त्यांच्या पतीने विश्वास ठेवला नाही."

शुभांगी हात पुसत मागे येऊन उभी राहिली होती. तिने सगळं शांतपणे वाचलं.

"रबराचं पण लिहा," ती म्हणाली.

लिहिलं.